स्टुडिओत शीट फिल्म दर वेळी पातळ येते? नवा फ्लॅश घेण्याआधी हे तपासा

बाहेर उन्हात काढलेल्या ४×५ इंची शीट फिल्मच्या, म्हणजे लार्ज फॉरमॅटच्या सुट्या मोठ्या फिल्मच्या, निगेटिव्ह झकास येतात. तोच कॅमेरा, तीच फिल्म, तोच डेव्हलपर घेऊन स्टुडिओत पोर्ट्रेट काढलं की निगेटिव्ह पातळ. फ्लॅश मीटरने रीडिंग घेतलेलं असतं, डिजिटलवर टेस्ट शॉटही नीट आलेला असतो, तरी सावलीत काहीच उमटत नाही. मग पॉवर वाढवून बघायची, सॉफ्टबॉक्स काढून छत्री लावून बघायची, आणि पुढच्या वेळी परत तेच. शेवटी ठरलेला प्रश्न येतो: ‘लार्ज फॉरमॅटसाठी किती वॅट-सेकंदांचा फ्लॅश घेऊ?’ वॅट-सेकंद म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचं माप.

मोठा फ्लॅश हे काही वेळा खरंच उत्तर असतं. पण बहुतेकदा दिवा पुरेसा असतो आणि प्रकाश वाटेत कुठेतरी हरवत असतो. ती गळती सापडली नाही तर दुप्पट पॉवरचा फ्लॅश आणूनही हाती फक्त एक स्टॉप, म्हणजे प्रकाशाची एक दुप्पट, लागतो. गळती दोन स्टॉपची असेल तर खर्च होतो आणि निगेटिव्ह पातळच राहते. म्हणून आधी गळती शोधू, खरेदीचं नंतर बघू.

निगेटिव्ह काय सांगते

लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवून नीट बघा. गालाचा उजेडाकडचा भाग बऱ्यापैकी भरलेला आहे, पण काळे केस, गडद कोट, हनुवटीखालची सावली पार कोरी आहे, असं असेल तर एक्स्पोजर कमी पडलंय. सावलीत तपशील आहे, पण सगळीच निगेटिव्ह फिकी आणि हायलाइटसुद्धा राखाडी असतील, तर डेव्हलपमेंट कमी झालीय. तिथे दिव्यांचा काही दोष नाही, डेव्हलपरचं तापमान आणि वय बघा. शंका असेल तर उन्हात काढलेली एक शीट आणि स्टुडिओतली एक शीट एकाच टँकमध्ये, एकाच वेळी धुवा. वाद तिथेच मिटतो.

शीट पूर्ण कोरी असेल, म्हणजे कोपऱ्यातल्या खाचा सोडल्या तर तिच्यावर काहीच नाही, तर फिल्मपर्यंत प्रकाश पोचलाच नाही. डार्क स्लाइड (फिल्म होल्डरवरचं झाकण) ओढायची राहिली किंवा सिंक (शटर आणि फ्लॅशचा मेळ) चुकला, ही दोनच मुख्य कारणं. एक शीट बरोबर, पुढची कोरी, परत एक बरोबर, असा लपंडाव चालला असेल तर सिंक कॉर्डचं टोक ढिलं आहे हे जवळपास नक्की. शटरवरचं ते बारीक सॉकेट वर्षानुवर्षं ओढाताण सहन करत असतं. कॉर्ड बदला, सॉकेटचा कडा हलक्या हाताने दाबून गोल करा, आणि कॉर्डचं वजन टोकावर न येता लेन्स बोर्डावर येईल अशी ती टेपने चिकटवून टाका.

पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे: सावल्या कोऱ्या, एक्स्पोजर कमी, आणि दर वेळी तेच.

बेलोज किती लांबलाय?

सगळ्यात मोठी गळती इथे असते, लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घडीच्या भात्यात, म्हणजे बेलोजमध्ये. लेन्सवरचा एफ नंबर खरा असतो तो लेन्स अनंतावर फोकस असताना. विषय जवळ आला की बेलोज लांबवावा लागतो, लेन्स फिल्मपासून दूर जाते आणि तोच प्रकाश मोठ्या वर्तुळात पसरतो. बेलोजची लांबी भागिले फोकल लेंग्थ, आणि आलेल्या आकड्याचा वर्ग: तेवढ्या पट प्रकाश जास्त लागतो. १५० मिमीची लेन्स आणि लेन्स बोर्डापासून ग्राउंड ग्लासपर्यंत (फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेपर्यंत) २१० मिमी अंतर असेल तर १.४ चा वर्ग, म्हणजे जवळपास दुप्पट. पूर्ण एक स्टॉप. मीटर तुम्हाला एफ/२२ सांगतो, तुम्ही एफ/२२ लावता, आणि फिल्मला मिळतो एफ/३२ चा प्रकाश.

निसर्गचित्रं काढणाऱ्याला हा हिशेब क्वचित करावा लागतो, म्हणून ‘बाहेर बरोबर, आत चूक’ असं चित्र दिसतं. लहान फॉरमॅटवरून आलेल्याला तर याची सवयच नसते. फिल्म जितकी मोठी, तितका तोच चेहरा फिल्मवर मोठा उमटतो, म्हणजे मॅग्निफिकेशन वाढतं. डोकं आणि खांदे धरून साधारण ६० सेंमीची चौकट घेतली तर ३५ मिमीच्या फ्रेमवर मॅग्निफिकेशन ०.०६ पडतं आणि फरक नगण्य असतो. ४×५ वर तेच ०.२ होतं, म्हणजे अर्धा स्टॉप. ८×१० वर ०.४ च्या वर जातं, म्हणजे एक स्टॉप. चौकट आवळून नुसता चेहरा, ३० सेंमी, घेतला तर ४×५ वर एक स्टॉप आणि ८×१० वर पावणेदोन.

डिजिटल टेस्ट शॉट फसवतो तो इथेच. त्यावर प्रकाशाचा तोल दिसतो, सावली कुठे पडते ते दिसतं, कपाळावरची चमक दिसते. पण तो शॉट तुमच्या बेलोजमधून आलेला नसतो. पूर्वी याच कॅमेऱ्याच्या मागे पोलरॉइडचा होल्डर सरकवून टेस्ट काढत, तेव्हा बेलोजची चूक त्या प्रिंटवर तिथल्या तिथे काळीकुट्ट दिसायची. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं, फुजीने एफपी-१००सी ही आपली इन्स्टंट फिल्म २०१६ मध्ये थांबवली, आणि टेस्टचं काम डिजिटलकडे गेलं. सोय झाली, पण एक पहारेकरी गेला.

उपाय साधा आहे. एक कापडी टेप घ्या आणि त्यावर तुमच्या लेन्सच्या खुणा करून ठेवा. १५० मिमीच्या लेन्ससाठी १७८ मिमीवर अर्धा स्टॉप, २१२ वर एक, २५२ वर दीड आणि ३०० वर दोन. ३०० मिमीच्या लेन्ससाठी हेच आकडे दुप्पट. फोकस झाला की टेप लावायची, खूण वाचायची, तेवढं अ‍ॅपर्चर उघडायचं किंवा दिवा वाढवायचा. गुणाकार-भागाकार डार्क क्लॉथखाली घामाघूम होऊन करायची गरज नाही. टेलिफोटो बांधणीची लेन्स असेल तर मात्र ही टेप चालत नाही, कारण तिथे लेन्स बोर्डापासूनचं अंतर आणि फोकल लेंग्थ यांचा सरळ मेळ बसत नाही. दुसरी रीत अशी: बसलेल्या माणसाच्या गालाशी १० सेंमीची पट्टी धरायला सांगा आणि ग्राउंड ग्लासवर ती किती लांब दिसते ते मोजा. ४ सेंमी दिसली तर मॅग्निफिकेशन ०.४. त्यात एक मिळवून वर्ग केला की १.९६, म्हणजे एक स्टॉप. टेलिफोटोसाठीही ढोबळ मानाने हीच रीत बरी.

शटर, सिंक आणि फ्लॅशची शेपटी

जुन्या शटरवर एक्स आणि एम अशा दोन खुणांचा खटका असतो. एम हा फ्लॅशबल्बच्या काळातला. बल्ब पेटून पूर्ण तेजाला यायला वेळ लागतो, म्हणून एमवर संपर्क आधी जुळतो आणि शटर काही मिलिसेकंद मागून उघडतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर पेटून विझलेला असतो. खटका कायम एक्सवर हवा. काही शटरवर व्ही अशीही खूण असते, ती सेल्फ टायमरची. बऱ्याच जुन्या शटरमध्ये तो भाग अडकतो, त्याला हात न लावलेलाच बरा.

सिंक तपासायला फिल्म लागत नाही. ग्राउंड ग्लासची मागची चौकट काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे करा, फ्लॅशही भिंतीकडेच वळवा आणि मागून लेन्समधून बघत शटर दाबा. पांढरं गोल वर्तुळ लख्ख दिसलं तर सिंक ठीक. काहीच दिसलं नाही किंवा वर्तुळ चांदणीसारखं कातरलेलं दिसलं तर शटर मेकॅनिककडे न्या.

दुसरी बाब कमी लोकांच्या लक्षात येते. लीफ शटर (लेन्समधलं पात्यांचं शटर) कुठल्याही स्पीडला सिंक होतं हे खरं. कोपाल कंपनीच्या शटरांत कोपाल शून्यचा सगळ्यात जलद स्पीड १/५००, कोपाल एकचा १/४००, आणि कोपाल तीनचा १/१२५. म्हणून लोक बिनधास्त १/४०० लावतात. पण मोठ्या पॅकचा (वेगळ्या वीजपेटीवर चालणारा) फ्लॅश पूर्ण पॉवरला तितका झटपट नसतो. माहितीपत्रकात बहुधा टी ०.५ हा आकडा छापतात, म्हणजे तेज निम्म्याच्या वर असतं तेवढाच वेळ. तेज दहा टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंतचा वेळ, म्हणजे टी ०.१, साधारण त्याच्या तिप्पट धरा. पत्रकात १/४५० लिहिलं असेल तर खरी शेपटी १/१५० ची. शटर १/४०० ला मिटलं की ती शेपटी बाहेरच राहते. स्टुडिओत १/६० लावा आणि विसरून जा. एफ/२२ ला मॉडेलिंग लॅम्पचा (फ्लॅशमधल्या सतत जळणाऱ्या दिव्याचा) प्रकाश १/६० मध्ये फिल्मवर फारसा उमटत नाही. जुन्या शटरचे स्पीड थोडे इकडेतिकडे झाले असतील तरी फ्लॅशच्या कामात त्याने फरक पडत नाही, हा त्यातला आनंदाचा भाग.

पॅकवरचा आकडा आणि हेडपर्यंत पोचणारा आकडा

पॅकवर २४०० वॅट-सेकंद लिहिलेलं असतं आणि त्याला दोन हेड (केबलवरचे फ्लॅश दिवे) जोडलेली असतात. पॅक सममित वाटणीचा असेल तर प्रत्येक हेडला १२०० मिळतात. तिसरं हेड केसांवर उजेडासाठी लावलंत तर प्रत्येकी ८००. मुख्य दिवा एका हेडवरून तीन हेडवर आल्यावर दीड स्टॉपहून जास्त उतरतो. दिवे रचून झाल्यावर सगळ्यात शेवटी, सगळी हेड जोडलेली असताना मीटर वापरा. आधी एकच हेड लावून मोजलं आणि मग बाकीची जोडली, ही चूक नुसती डोळ्यांनी पकडता येत नाही.

तयार असल्याचा दिवा किंवा बीप यावरही आंधळा विश्वास नको. लहान फ्लॅशमध्ये कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच तो दिवा लागतो. मीटर हातात धरून पाच-सहा फ्लॅश ओळीने मारा. बीप आल्याबरोबर मारलेला आणि काही सेकंद थांबून मारलेला यांत फरक दिसला, तर थांबायची सवय लावून घ्या.

आणि मीटरचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे असू द्या. तो दिव्याकडे वळवला की रीडिंग फुगतं आणि सावलीची बाजू हिशेबातच येत नाही. मीटरमधला आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) आणि तुम्ही फिल्मला दिलेला आयएसओ एकच आहे ना, तेही बघा. इलफोर्डची एचपी५ प्लस फिल्म ४०० ची, पण तुम्ही ती २०० समजून वापरता आणि मीटर अजून ४०० वर आहे, असं असलं की एक स्टॉप तिथेच गेला.

आता खरेदीचा हिशेब, उलट्या बाजूने

इथवर सगळं नीट असूनही प्रकाश कमी पडत असेल, तर दिवाच लहान आहे. किती मोठा हवा, हे दुकानातल्या पत्रकावरून ठरवायचं नाही. चित्राला कोणतं अ‍ॅपर्चर लागतं तिथून सुरुवात करायची आणि मागे यायचं.

लार्ज फॉरमॅटला प्रकाश का जास्त लागतो, याचं मूळ डेप्थ ऑफ फील्डमध्ये, म्हणजे धारदार येणाऱ्या खोलीत आहे. डोकं-खांद्याच्या चौकटीत ४×५ वर एफ/२२ ला साधारण १३ सेंमी खोली धारदार येते, म्हणजे नाकाच्या टोकापासून कानापर्यंत. एफ/११ ला ती निम्मी. ८×१० वर तीच चौकट घेतली तर एफ/३२ ला १० सेंमी आणि एफ/११ ला जेमतेम साडेतीन. साडेतीन सेंमीत डोळे धारदार येतात आणि कान विरघळतात. तुम्हाला तसंच हवं असेल तर उत्तम, कमी प्रकाशात भागतं. तेव्हा कानसुद्धा हवेत की नको, हे खरेदीच्या आधी ठरवा.

ठरलं की मांडणी अशी. ४×५, डोकं-खांदे, एफ/१६, फिल्म २०० समजून वापरलेली, बेलोजचा अर्धा स्टॉप. म्हणजे मीटरवर आयएसओ २०० ला एफ/१६ आणि वर अर्धा स्टॉप दिसायला हवा. आयएसओ १०० ला हाच प्रकाश एफ/११ आणि अर्धा. ५००-६०० वॅट-सेकंदांचा एक मोनोलाइट (पॅक आणि दिवा एकाच डब्यात असलेला फ्लॅश), मध्यम सॉफ्टबॉक्स आणि दीड मीटरच्या आतलं अंतर, एवढ्यात हे काम होतं. ४×५ वर ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट काढणाऱ्याला यापेक्षा मोठं काही घ्यायची घाई नाही, असं माझं स्पष्ट मत.

आता ८×१० घ्या. एफ/३२, आयएसओ १०० ची फिल्म, बेलोजचा एक स्टॉप. मीटरवर एफ/४५ दिसायला हवा. समजा तुमचा ५०० वॅट-सेकंदांचा दिवा सॉफ्टबॉक्समधून तिथे एफ/११ देतो. एफ/११ ते एफ/४५ म्हणजे चार स्टॉप, म्हणजे सोळा पट, म्हणजे ८००० वॅट-सेकंद. हा आकडा ऐकून बरेच जण ८×१० चा नाद सोडतात, पण थांबा. फिल्म ४०० ची घेतली की दोन स्टॉप सुटले, राहिले २०००. दिवा दीड मीटरवरून एक मीटरवर आणला की आणखी एका स्टॉपहून थोडं जास्त सुटलं, राहिले सुमारे ९००. सॉफ्टबॉक्समधला आतला दुसरा पडदा काढला तर थोडं अजून हाती येतं, अर्थात उजेड जरा कडक होतो.

हे सुटे स्टॉप वॅट-सेकंदांपेक्षा खूप स्वस्त पडतात. अंतराचा स्टॉप तर फुकटच. शिवाय दिवा जवळ आला की तो चेहऱ्याच्या मानाने मोठा होतो आणि उजेड मऊ पडतो. तोटा एवढाच की चेहऱ्यावर आणि खांद्यावर उजेडाची उतरंड तीव्र होते. दिव्याला चौकटीत शिरू न देण्याची कसरतही करावी लागते.

आणखी एक स्टॉप कॅमेऱ्याच्याच अंगात असतो, आणि तो वापरायचं लोक विसरतात. चेहरा पाऊण वळलेला असेल तर एक डोळा पुढे, एक मागे. पुढच्या स्टँडर्डला, म्हणजे लेन्सच्या चौकटीला, थोडा स्विंग दिला, ती जरा आडवी वळवली, की फोकसचं प्रतल दोन्ही डोळ्यांतून जातं. मग एफ/३२ ऐवजी एफ/२२ ला काम भागू शकतं. व्ह्यू कॅमेरा घेतलाय तो याचसाठी ना?

निर्जीव वस्तूंच्या छायाचित्रणात तर मोठा फ्लॅश घेणं बऱ्याचदा अनाठायी. खोली अंधारी करा, मॉडेलिंग लॅम्प विझवा, शटर टी किंवा बीवर उघडं ठेवा आणि फ्लॅश पुन्हा पुन्हा मारा. दोन फ्लॅश म्हणजे एक स्टॉप, चार म्हणजे दोन, आठ म्हणजे तीन, सोळा म्हणजे चार. प्रत्येक पुढचा स्टॉप दुप्पट महाग होत जातो, त्यामुळे आठच्या पुढे कंटाळा येतो. तुकड्यातुकड्याने दिलेला प्रकाश फिल्मला एकदम दिलेल्या प्रकाशापेक्षा किंचित कमी भावतो, म्हणून आठ-सोळाच्या घरात एखाद-दोन जास्तीचे मारा. लाकडी फ्लोअर असेल तर या काळात कोणी चालू नका. माणसांवर हा प्रयोग करू नये हे सांगायला नको, डोळा मिटला की दोन डोळे एकावर एक उमटतात.

मोनोलाइट, पॅक की सततचा उजेड

वॅट-सेकंद ठरल्यावर सगळे तिथेच थांबतात आणि मॉडेलिंग लॅम्प बघायचा राहतो. लार्ज फॉरमॅटमध्ये तो वॅट-सेकंदांइतकाच महत्त्वाचा आहे. एफ/५.६ ची लेन्स, त्यात बेलोजचा एक स्टॉप, म्हणजे ग्राउंड ग्लासवर एफ/८ इतका अंधार, आणि तोही सॉफ्टबॉक्समधून आलेल्या मिणमिणत्या दिव्यात. बॅटरीवर चालणाऱ्या फ्लॅशचा मॉडेलिंग लॅम्प बऱ्याचदा अगदीच अशक्त असतो. भिंतीच्या प्लगवर चालणारा, २५० वॅटचा हॅलोजन किंवा तेवढ्या तेजाचा एलईडी असलेला मोनोलाइट असेल तर फोकस करताना जीव निघत नाही. बॅटरीचाच फ्लॅश असेल, गोडॉक्स एडी६०० प्रो किंवा एडी१२०० प्रोसारखा, तर फोकसपुरता एक वेगळा एलईडी ठेवा आणि शटर दाबण्याआधी विझवा.

बसलेल्या माणसाला डोळ्याच्या बाजूला छोटी बॅटरी धरायला सांगितली तर तिच्या ठिपक्यावर फोकस करणं सोपं जातं. फोकस झाल्यावर शटर मिटवायचं, होल्डर घालायचा, डार्क स्लाइड ओढायची, तेवढ्यात माणूस दोन बोटं पुढे सरकतो. म्हणून पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या. लेन्स बोर्डाला एक दोरा बांधून त्याचं टोक कपाळाला टेकवायची जुनी युक्तीही करून बघा. फोकस करताना दोरा ताठ धरून गाठ मारायची, एक्स्पोजरच्या क्षणाआधी परत ताठ करून बघायचा आणि मग सोडायचा. हसू येतं, पण काम होतं.

पॅक आणि हेडची जोडी घ्यायची ती एका दिव्यातून २००० च्या वर वॅट-सेकंद हवे असतील तरच. स्पीडोट्रॉन, ब्रॉनकलर, प्रोफोटो यांचे जुने पॅक सेकंडहँड फिरत असतात आणि ८×१० वाल्यांना ते मोहात पाडतात. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. फ्लॅश ट्यूब अजून मिळते का? ते हेड त्या पॅकची पूर्ण पॉवर झेलतं का? आणि पॅक किती दिवस पडून आहे? बराच काळ बंद पडलेल्या पॅकचे कपॅसिटर एकदम पूर्ण पॉवरला भरले तर फुटू शकतात. ते हळूहळू जागे करावे लागतात आणि ते काम जाणकार तंत्रज्ञाचं आहे. त्या पेटीत जीव जाण्याइतका विद्युतभार असतो, प्लग काढल्यावरही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः उघडू नका. पॅक बंद करून, भार उतरवल्याशिवाय हेडची केबल उपसू नका. अशा पॅकचा ट्रिगर व्होल्टेजही दोनशेच्या पुढे असू शकतो. यांत्रिक शटर ते बरेचदा निभावून नेतं, रेडिओ ट्रिगर मात्र जळू शकतो.

सततचा उजेड, म्हणजे एलईडी किंवा टंगस्टन, वस्तूंसाठी मला जास्त आवडतो. दिसतं तेच उमटतं आणि सिंकची कटकट नाही. माणसांसाठी गणित अवघड होतं. समजा एखादा एलईडी सॉफ्टबॉक्समधून १/३० ला एफ/४ देतो. एफ/२२ हवा असेल तर पाच स्टॉप, म्हणजे एक सेकंद. वर बेलोजचा एक, म्हणजे दोन सेकंद. दोन सेकंद पापणीसुद्धा न हलवता बसणारे लोक कमी. वेळ लांबला की फिल्मची संवेदनशीलताही उतरते. इलफोर्डच्या सूत्राप्रमाणे एचपी५ प्लसला मोजलेले १० सेकंद प्रत्यक्षात सुमारे २० द्यावे लागतात, एफपी४ प्लसला सुमारे १८. टंगस्टनखाली ऑर्थो फिल्म वापरणार असाल तर तिला लाल दिसत नाही हे ध्यानात ठेवा. इलफोर्ड ऑर्थो प्लस दिवसाच्या उजेडात ८० आणि टंगस्टनमध्ये ४० ची धरतात. डेलाइट रंगीत फिल्मला टंगस्टनखाली ८०ए हा निळा फिल्टर लावला की दोन स्टॉप गेले. रंगीत काम असेल तर फ्लॅशच बरा.

पातळ नाही, पण धुरकट

ही वेगळीच तक्रार, पण पातळ निगेटिव्हबरोबर तिची गल्लत होते. सावल्या कोऱ्या नसतात, उलट त्यांच्यावर राखाडी पडदा असतो. पांढरा कागद पार्श्वभूमीला लावून तो चौकटीच्या बाहेरपर्यंत उजळला की असं होतं. लार्ज फॉरमॅट लेन्सचं प्रतिमावर्तुळ फिल्मपेक्षा मोठं असतं. चौकटीबाहेरचा पांढरा कागद बेलोजच्या आतल्या भिंतींवर पडतो आणि तिथून उडून फिल्मवर येतो. दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करून चौकटीबाहेरचा कागद झाका, लेन्सला हूड लावा. इथे एक्स्पोजर वाढवून काही साधत नाही.

एका शीटमध्ये तपासणी

सगळं तपासूनही शंका राहिली तर एक शीट खर्च करा. खुर्चीवर काळं जाड विणीचं कापड, शेजारी राखाडी कार्ड आणि पांढरा टॉवेल ठेवा. दिवा हिशेबापेक्षा एक स्टॉप कमी ठेवा, खोली अंधारी करा, शटर उघडं ठेवा. डार्क स्लाइड पूर्ण ओढून एक फ्लॅश मारा. स्लाइड पाव भाग आत ढकला, आणखी एक. अर्ध्यापर्यंत ढकला, दोन. पाऊण भाग ढकला, चार. शीटवर चार पट्ट्या येतात: एक, दोन, चार आणि आठ फ्लॅशच्या, म्हणजे हिशेबापेक्षा एक स्टॉप कमी, बरोबर हिशेबाएवढी, एक स्टॉप जास्त आणि दोन जास्त. चारही पट्ट्यांत काळं कापड येईल असं ते आडवं पसरा आणि स्लाइड सरकवताना कॅमेरा धक्क्याने हलू देऊ नका. काळ्या कापडाची वीण दुसऱ्या पट्टीत दिसली तर तुमचा हिशेब आणि दिवे दोन्ही ठीक आहेत. ती तिसऱ्या पट्टीत पहिल्यांदा दिसली तर एक स्टॉप अजून गळतोय, आणि चौथीत दिसली तर दोन. तेवढा आकडा हातात घेऊन पुन्हा बेलोजच्या टेपपासून सुरू करा.